तुर्कमेनिस्तानची सहल: गटाबरोबर जावे का, आणि गट निवडताना काय पाहावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक गृहस्थ पत्नी आणि ६७ वर्षांचे वडील यांना घेऊन पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत तुर्कमेनिस्तानला जाऊ इच्छितात. तिघेही शाकाहारी आहेत आणि वडिलांना गुडघेदुखी आहे. त्यांच्यासमोर दोन सहली आहेत. एक फक्त तुर्कमेनिस्तानची, पाच रात्रींची, विमानाने राजधानी अश्गाबातला जाऊन तिथूनच परत येण्याची. दुसरी उझबेकिस्तानला जोडलेली, बारा दिवसांची. एवढे पैसे मोजून गटाबरोबर जाण्यापेक्षा आपले आपण जाता येणार नाही का, दोन्हींपैकी कोणती सहल घ्यावी, आणि वाळवंटात दरवाझा येथे वायूमुळे जळत असलेल्या विवरासाठी हा खटाटोप करावा का, असे त्यांनी विचारले आहे.

मध्य आशियात गट घेऊन जाणे हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे माझा कल गटाकडे असणार असे कोणालाही वाटू शकेल. म्हणून प्रत्येक मताबरोबर मी त्यामागचे कारणही देतो. ते पटले तरच मत स्वीकारावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुर्कमेनिस्तानच्या नियमांनीच दिलेले आहे. पर्यटक व्हिसासाठी तिथल्या परवानाधारक पर्यटन कंपनीमार्फत निमंत्रणपत्र मिळवावे लागते. ते पत्र तिथले राज्य स्थलांतर खाते मंजूर करते आणि त्या कंपनीचा गाइड प्रवासभर तुमच्यासोबत असतो. अश्गाबात शहरात संध्याकाळी तुम्ही एकटे फेरफटका मारू शकता, पण गाडी भाड्याने घेऊन वाळवंटात निघता येत नाही. २०२५ मध्ये तिथे ई-व्हिसासंबंधी कायदा झाला आहे. तुम्ही अर्ज कराल त्या वेळी भारतीय पासपोर्टसाठी तो प्रत्यक्षात कसा लागू आहे, हे जरूर तपासा. तोवर ‘गटाने की स्वतंत्रपणे’ ही निवड तुमच्यापुढे नाही, असेच धरून चाला. तुम्ही तिघेच गेलात तरी गाइड, चालक आणि गाडी घ्यावीच लागेल, आणि तो खर्च तिघांतच वाटला जाईल. गटात तो अधिक लोकांत विभागला जातो. गटाचा आर्थिक फायदा एवढाच. म्हणून खरा विचार करायचा तो या गोष्टींचा: निमंत्रणपत्राची जबाबदारी कोण घेते, मार्ग कोणत्या दिशेने आखला आहे, आणि वाळवंटात तुम्हाला कोणत्या गाडीत बसवणार आहेत. जाहिरातीत हॉटेलचे तारे आणि विवराचा फोटो ठळक असतो, पण सहल नीट होणार की नाही हे या तीन गोष्टींवर ठरते.

निमंत्रणपत्राविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक अडचणी इथेच येतात. मंजुरीला अनेक आठवडे लागतात आणि नकार आला तर त्याचे कारण सांगितले जात नाही. एखाद्या कुटुंबातील चौघांपैकी तिघांचे पत्र येते आणि चौथ्याचे येत नाही, असेही घडते. त्यामुळे कंपनीला पैसे भरण्यापूर्वी हे लेखी विचारा: पत्र नाकारले गेले तर किती रक्कम परत मिळेल, आणि घरातल्या एकाचेच नाकारले गेले तर उरलेल्या दोघांना सहल रद्द करता येईल का? पत्र हाती पडेपर्यंत परतावा न मिळणारे विमानाचे तिकीट काढू नका. स्वस्त तिकिटाचा मोह आवरणे इथे फार महत्त्वाचे आहे.

आपल्या नावांची एक खास अडचण आहे. आपल्या पासपोर्टात आडनावाच्या रकान्यात आडनाव असते, आणि नावाच्या रकान्यात स्वतःचे नाव व त्यापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. विमानाचे तिकीट काढताना अनेक जण मधले नाव गाळतात, हॉटेलच्या यादीत ते पुन्हा येते, आणि निमंत्रणपत्राच्या अर्जात एखाद्या अक्षराचा फरक पडतो. सीमेवरचा अधिकारी पत्रावरची ओळ आणि पासपोर्टातली ओळ शेजारी ठेवून अक्षरशः बोट फिरवत वाचतो. मी गटातल्या प्रत्येकाला पत्राची प्रत आधी पाठवतो आणि पासपोर्ट समोर ठेवून नाव, क्रमांक, जन्मतारीख आणि पासपोर्टची मुदत ताडून पाहायला सांगतो. तुमच्या कंपनीने असे केले नाही, तर तुम्ही स्वतः प्रत मागून घ्या. वडिलांचा पासपोर्ट नुकताच नूतनीकरण झालेला असेल तर जुना क्रमांक अर्जात गेलेला नाही ना, हेही पाहा.

आता मार्ग. हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा आहे, त्याचा सुमारे ७० टक्के भाग काराकुम वाळवंटाने व्यापलेला आहे, आणि लोकसंख्या ७० लाखांच्या आसपास आहे. पाहण्यासारखी ठिकाणे या वाळवंटाच्या कडांना आहेत: उत्तरेला कोन्ये-उर्गेंच हे जुने शहर, दक्षिणेला अश्गाबात आणि निसाचा किल्ला, आग्नेयेला मारी शहराजवळचे प्राचीन मर्व्ह. विवर मात्र वाळवंटाच्या मध्यावर, अश्गाबातच्या उत्तरेला सुमारे २६० किलोमीटरवर आहे. अश्गाबातहून विवराला जाऊन परत त्याच रस्त्याने यायचे म्हणजे तोच खड्ड्यांचा रस्ता दोनदा. पाच रात्रींच्या सहलीत दोन दिवस त्यात जातात, मर्व्हची एक धावती फेरी होते आणि कोन्ये-उर्गेंच राहूनच जाते.

उझबेकिस्तानला जोडलेल्या सहलीत, ती नीट आखली असेल तर, एकही रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही. उझबेकिस्तानातल्या खिवाहून निघून शावात-दाशोगुझच्या सीमेने आत यायचे, कोन्ये-उर्गेंच पाहून दक्षिणेकडे विवरापाशी मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी अश्गाबात, मग पूर्वेला साधारण ३५० किलोमीटरवर मारी आणि मर्व्ह, तिथून तुर्कमेनाबातवरून फारापच्या सीमेने बाहेर पडून बुखारा. हा क्रम उलटाही करता येतो, पण मला हाच बरा वाटतो, कारण सर्वांत खराब रस्ता आणि तंबूतली रात्र सुरुवातीला, अंगात उत्साह असताना पार पडते, आणि नंतरचे दिवस सोपे होत जातात. यात पाहायचे ते एवढेच की सीमा ओलांडण्याच्या दिवशी दुसरे काही ठासून भरलेले नसावे. तपासणीला कधी दोन तास लागतात, कधी चार. सामान उघडून पाहतात, दोन्ही चौक्यांमधले अंतर त्यांच्या मिनीबसने पार करावे लागते, आणि बॅगा आपल्या आपण उचलाव्या लागतात. खिवाचे दर्शन, सीमा, कोन्ये-उर्गेंच आणि विवर हे सगळे एकाच दिवशी लिहिलेले असेल, तर तो कार्यक्रम कागदावरच शक्य आहे.

याला जोडूनच व्हिसाची एक बाब. उझबेकिस्तानात प्रवेश करून, तुर्कमेनिस्तानला जाऊन पुन्हा उझबेकिस्तानात यायचे असेल, तर उझबेकिस्तानचा व्हिसा दोन प्रवेशांचा हवा. एका प्रवेशाचा ई-व्हिसा काढून दिलेल्या सहली मी पाहिल्या आहेत, आणि ही चूक बुखाराच्या सीमेवर लक्षात आली तर प्रवासी दोन देशांच्या मध्ये अडकतो.

विवराबद्दल तुम्हाला स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. सोव्हिएत काळात वायूसाठी खोदकाम करताना जमीन खचून ते तयार झाले. व्यास सुमारे ७० मीटर आणि खोली सुमारे ३० मीटर आहे. ते १९७१ मध्ये पेटले असे सर्वत्र छापले जाते, पण त्याची पक्की नोंद उपलब्ध नाही. २०२२ च्या जानेवारीत तत्कालीन राष्ट्राध्यक्ष गुर्बांगुली बेर्दिमुहामेदोव यांनी ते विझवण्याचा आदेश दिला, आणि २०२५ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी आग पूर्वीच्या एक तृतीयांशावर आल्याचे जाहीर केले. आजूबाजूच्या विहिरींतून वायू काढून घेतला जात असल्यामुळे ज्वाळा कमी होत आहेत. ज्या फोटोंमध्ये अख्खे विवर कढईसारखे धगधगताना दिसते, ते बहुधा जुने आहेत. अजूनही रात्री कुंपणापाशी उभे राहिले की वाऱ्याची दिशा बदलताच तोंडावर उष्ण झोत येतो, तळातून सतत घुमणारा आवाज ऐकू येतो, आणि शंभर पावले मागे गेले की थंडी वाजू लागते. तो अनुभव खराच आहे. पण तुम्ही जाल तेव्हा तो किती उरलेला असेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि जी कंपनी देते तिच्यापासून सावध राहा. वायू असा जळून वाया जाऊ नये आणि आसपासच्या लोकांच्या आरोग्याला त्रास होऊ नये, हे विझवण्यामागचे कारण योग्यच आहे, असे मला वाटते.

म्हणून माझे मत असे की फक्त विवरासाठी जाऊ नये. मर्व्ह आणि कोन्ये-उर्गेंचसाठी जावे आणि वाटेत विवर पाहावे. मर्व्ह हे एक शहर नसून एकाशेजारी एक वसलेल्या अनेक शहरांचा प्रदेश आहे. मुर्गाब नदीचा प्रवाह सरकत गेला तशी वस्तीही सरकली, आणि जुने शहर मोडून त्यावरच नवे बांधण्याऐवजी लोक शेजारी नवी तटबंदी उभारत गेले. त्यामुळे इराणी हखामनी काळातली एर्क-कला (‘कला’ म्हणजे तिथे किल्ला), ग्रीक काळातली ग्याउर-कला आणि सेल्जुक तुर्कांची सुलतान-कला अशी शतके इथे शेजारी शेजारी चालत पाहता येतात. ग्याउर-कलेत बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. बौद्ध धर्म पश्चिमेकडे इतक्या दूरवर पोहोचल्याच्या खुणा फारच थोड्या ठिकाणी दिसतात. १२व्या शतकातली सुलतान संजरची कबर या सपाट माळावर पुष्कळ लांबून दिसते. १२२१ मध्ये चंगीझ खानाचा मुलगा तोलुई याच्या सैन्याने हे शहर उद्ध्वस्त केले, आणि त्यानंतर त्याला पूर्वीचे वैभव कधी आले नाही. हे सगळे दीड तासात उरकणारी सहल मी कोणाला सुचवणार नाही. किमान अर्धा दिवस हवा, आणि समजावून सांगणारा गाइड हवा, नाहीतर मातीचे ढिगारे पाहून परत आलो असेच वाटते.

मारीहून उत्तरेला वाळवंटात गोनुर देपे हे कांस्ययुगीन स्थळ आहे. पुरातत्त्वज्ञ व्हिक्टर सारियानिदी यांनी तिथे अनेक दशके उत्खनन केले. तिथे हत्तीचे चित्र आणि सिंधू लिपीतली अक्षरे असलेली मुद्रा सापडली, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी आपल्या उपखंडाशी तिथल्या लोकांचा संबंध होता. तुमच्या वडिलांना इतिहासाची आवड असेल, तर हा एक जादा दिवस मागून घ्यावा असा आहे. मात्र तिथे पोहोचायला वाळूतली वाट आहे आणि सावली अजिबात नाही. कोन्ये-उर्गेंच ही ख्वारझम या जुन्या राज्याची राजधानी. तिथला सुमारे ६० मीटर उंचीचा कुतलुग तैमूरचा मिनार आणि तुराबेक खानिमच्या वास्तूच्या घुमटातली आतली नक्षी ही माझ्या दृष्टीने या देशातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. मान वर करून थकायला होते, म्हणून मी गटाला तिथे खाली बसायला सांगतो. अश्गाबातला संगमरवरी इमारतींसाठी एक दिवस पुरतो. ६ ऑक्टोबर १९४८ च्या भूकंपात जुने शहर जमीनदोस्त झाले, त्यामुळे तिथे जुने काही शोधू नये. जुने पाहायचे ते शेजारी निसा येथे, पार्थियन राजांच्या किल्ल्यात.

आता वडिलांविषयी. त्यांच्या तब्येतीचा निर्णय त्यांचे डॉक्टरच देतील. मी फक्त काय सोसावे लागते ते सांगतो. विवराकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर खड्डे इतके आहेत की गाडी बराच वेळ रस्त्याच्या कडेच्या मातीतून चालवावी लागते. कोन्ये-उर्गेंच ते विवर हा टप्पा बहुतेक वेळा पाच-सहा तासांचा होतो. मुख्य रस्ता सोडल्यावर शेवटच्या काही किलोमीटरांवर वाळू आहे, आणि तिथे मोठी बस जात नाही. म्हणून विचारा की हा पूर्ण टप्पा फोर-बाय-फोर गाड्यांनी आहे, की बसने जाऊन शेवटी गाडी बदलायची आहे. एका गाडीत चालकाखेरीज तिघेच प्रवासी बसवणार असतील तर उत्तम. चौघांत मागच्या मधल्या जागेवर बसणाऱ्याचे गुडघे दिवसभर आखडलेले राहतात, आणि ती जागा वडिलांच्या वाट्याला येता कामा नये. पुढची जागा त्यांच्यासाठी आधीच लिहून घ्या. मुक्काम युर्टमध्ये, म्हणजे तिथल्या गोल तंबूत असतो. काही ठिकाणी खाटा असतात, काही ठिकाणी जमिनीवर गाद्या. गुडघेदुखी असलेल्या माणसाला खाट आणि बसण्याचे कमोड या दोन गोष्टी आधी ठरवूनच जायला हव्यात. स्वच्छतागृह तंबूपासून अंतरावर असते, म्हणून डोक्याला लावायचा दिवा न्या.

दिवाळीच्या सुट्टीची वेळ साधारण चांगली आहे. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले उत्तम महिने. जुलैत पारा ४० च्या बराच वर जातो. दिवाळी नोव्हेंबरात येत असेल तर दिवस सुखद असतात, पण विवरापाशी रात्र कडक थंड असते, आणि नाशिकची थंडी पाहिलेल्यांनाही जाड जाकीट, कानटोपी आणि लोकरीचे मोजे लागतात.

हे सर्व लक्षात घेता माझा सल्ला असा: वडिलांची तयारी असेल आणि गट बारा-पंधरा जणांपेक्षा मोठा नसेल, तर उझबेकिस्तानला जोडलेली सहल घ्या. डॉक्टरांनी खडबडीत रस्त्याला मनाई केली, तर अश्गाबातची छोटी सहल घ्या, पण कंपनीला सांगून विवर वगळा आणि ते दोन दिवस मारी आणि मर्व्हसाठी वापरा; तो रस्ता पुष्कळ बरा आहे. किमतींची तुलना करताना जीएसटी, टीसीएस (परदेशी सहलीच्या रकमेवर आगाऊ घेतला जाणारा कर), निमंत्रणपत्र, व्हिसाशुल्क आणि सीमेवरचे शुल्क धरून एकूण रक्कम मागा, नाहीतर स्वस्त दिसणारी सहल शेवटी महाग पडते.

शाकाहाराचे गणित जमते, पण आधी सांगून. पुलावातले मांस बाजूला काढून दिले तरी भात मटणाच्या चरबीत शिजलेला असतो, आणि सूप बहुधा मांसाच्या पाण्यात केलेले असते. ‘मांस नको’ एवढेच सांगून भागत नाही, गाइडने स्वयंपाकघरात जाऊन बोलावे लागते. काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, दही, बटाटे, भाजी भरलेल्या पोळ्या म्हणजे गुताप, द्राक्षे आणि अप्रतिम गोड खरबुजे मिळतात. तंदूरमध्ये भाजलेली चोरेक नावाची जाड पाव-रोटी सगळीकडे असते. वाळवंटातल्या वस्तीत बाई जाड कापडी बाही चढवून, खांद्यापर्यंत वाकून रोटी भट्टीच्या भिंतीला थापते, तेव्हा पाहत उभे राहिले की पहिली गरम रोटी पाहुण्यालाच मिळते. ती उलटी ठेवू नये आणि पायाशी पडू देऊ नये. तिथे भाकरीला आपल्यासारखाच मान आहे. घरून खाकरा, मेतकूट, दाण्याची चटणी न्या. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस किंवा खसखस घातलेला मसाला मात्र नेऊ नका. अमिरातीत तिला बंदी आहे.

औषधांबाबत काटेकोर राहा. गुडघेदुखीसाठी आपल्याकडे ट्रॅमाडॉलची गोळी सहज लिहून दिली जाते. तुर्कमेनिस्तानात ते नियंत्रित औषध आहे, आणि झोपेच्या व चिंतेवरच्या काही गोळ्यांचेही तसेच आहे. डॉक्टरांकडून पर्यायी औषध घ्या, आणि बाकीची औषधे मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा. राजधानीबाहेर वैद्यकीय सोयी मर्यादित आहेत, त्यामुळे विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला हवा.

पैसे रोख डॉलरमध्ये न्या. नोटा नव्या आणि न दुमडलेल्या हव्यात, कारण खुणा असलेली नोट नाकारली जाते. कार्डावर अवलंबून राहू नका. अधिकृत दर २०१५ पासून डॉलरला साडेतीन ‘मनात’ (तिथले चलन) असा आहे. बाहेर याहून बराच जास्त दर देणारे भेटतात, पण तो व्यवहार बेकायदेशीर आहे आणि मी तो कोणालाही सुचवत नाही. व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब तिथे चालत नाहीत. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा आणि हॉटेलांचे दूरध्वनी क्रमांक देऊन ठेवा, म्हणजे दोन दिवस निरोप आला नाही म्हणून घरी कोणी घाबरणार नाही. गालिचा घेतलात तर देशाबाहेर नेण्याचा दाखला लागतो. दुकानदार देतो म्हणाला तरी तो हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटी गाइडविषयी, कारण हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, सरकारी इमारती, विमानतळ आणि सैनिक यांचे फोटो काढायचे नाहीत. तुम्ही काढलात तर तुम्हाला फोटो पुसायला सांगतील, पण जाब गाइडला विचारला जाईल. तसेच बसमध्ये, सर्वांसमोर त्याला सरकारविषयी मत विचारू नका. आपण आठवड्याभरात घरी परततो; त्याला त्याच शहरात, त्याच परवान्यावर कुटुंब चालवायचे असते. त्याला लग्नांविषयी, घोड्यांविषयी, आजोबांच्या काळातल्या वाळवंटाविषयी, शेतातल्या कापसाविषयी विचारा. अखल-तेके घोड्याचा विषय काढला की तुर्कमेन माणूस तासभर मनापासून बोलतो, आणि त्यातून देश जितका कळतो तितका अवघड प्रश्नांतून कळत नाही. वडिलांना हे आधी नीट समजावून सांगा, कारण ज्येष्ठ मंडळी आपुलकीने राजकारणाचा विषय काढतात आणि गाइड वयाचा मान राखून गप्प बसतो. दोन्ही कंपन्यांना गाइड इंग्रजी किती बोलतो आणि तो संपूर्ण मार्गावर एकच असेल की शहरागणिक बदलेल, हेही विचारून घ्या. एकच असलेला केव्हाही चांगला.